डावं-उजवं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे संचालक साहेब, कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या या संस्थेतले माझे सोबती आणि पहिल्या रांगेतून 'आवरतं घ्या' अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती,

निवृत्तीचं मानपत्र ऐकलं. 'सममितीची उपजत जाण' असे शब्द आहेत त्यात. आता ही सममिती म्हणजे काय हो? पाच पाकळ्यांचं फूल देठाशी धरून थोडं फिरवा, पुन्हा तसंच दिसतं. पानाचं तसं नाही. ते मधल्या शिरेवर दुमडलं, तरच अर्धं अर्ध्यावर बसतं. माणसाचे दोन हात पानाच्या जातीचे. उजवा कितीही फिरवा, डावा होत नाही. आरशात धरला तरच होतो. पटत नसेल तर उजवा हातमोजा डाव्या हातात घालून बघा.

दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. चांगल्या हाताचं माप घेऊन त्यावरून नसलेल्या हाताचा नमुना काढायचा. साहेबांनी तो आरशातल्यासारखा उलटवला नाही, नुसता फिरवला. मी म्हणालो, "साहेब, हा उजवाच राहिला."

"तुम्ही घासकाम बघा. भूमिती माझ्यावर सोडा."

बारा जणांसाठी तसे हात तयार झाले. त्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी डाव्या बाजूला हात चढवला, तर अंगठा बाहेर! बराच वेळ बघून म्हणाल्या, "भाऊ, सवय करावी लागेल का?"

मी म्हणालो, "होईल हळूहळू." त्या परत आल्या नाहीत.

बाकीच्यांनी तक्रार केली, चौकशी झाली आणि माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'कारागिराला डावं-उजवं कळत नाही.' खाली साहेबांची सही. आजच्या मानपत्रावरही त्यांचीच आहे, तीही तितकीच वळणदार. अध्यक्ष महोदय, दोन्हींतला एक कागद खोटा आहे. कुठला, ते आज इथेच ठरवा.

मंडळी, सगळे साहेबांकडे काय बघताय? माझ्याकडेही बघा. ते बारा हात मीच घासले, चूक कळत असताना, निवृत्तीला दोनच वर्षं उरली म्हणून. साहेबांचा राग येतो, पण स्वतःची जास्त चीड येते.

आपण आलात, दोन शब्द ऐकून घेतलेत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी. बाकीची क्षमा या सभागृहात मागून भागणार नाही. त्या बाईंसाठी घरी एक डावा हात घडवलाय. उद्या सकाळी घेऊन जातो. त्या दार उघडतील की नाही, सांगता येत नाही.