दहापैकी साडेनऊ

(कल्याणमधल्या एका खासगी रुग्णालयात सिस्टर्सची खोली. सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज हेमा सिस्टर आणि संशोधनासाठी येणारी श्रिया.)

हेमा : आधी पेढा घ्या, मग बोला. चार देशांतल्या नर्सेसमध्ये आमचा वॉर्ड पहिला आला. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा वाटले मी पेढे.

श्रिया : सिस्टर, यात पहिलं-दुसरं नसतं हो. कामाचा ताण आला तर तो आपल्याला झेपेल असा भरवसा किती वाटतो, एवढंच विचारलं होतं मी.

हेमा : तेच ते. दहापैकी साडेनऊ. त्या परदेशातल्या बायका पाच-सहावरच अडकल्या म्हणे. कसं व्हायचं त्यांचं?

श्रिया : आकडे बघून मी तर हबकलेच. इथे एकेक सिस्टर वीस-बावीस पेशंट बघते, आणि भरवसा सगळ्यांहून जास्त? खरं सांगा, मी फॉर्म देऊन गेल्यावर काय झालं?

हेमा : काय व्हायचंय? पोरी कुणी तीन लिहीत होती, कुणी चार. मी म्हटलं, हे बाहेरच्या देशांत जाणार आहे, आपल्या वॉर्डाची शोभा करू नका. खोडा आणि नीट लिहा.

श्रिया : तुम्ही खोडायला लावलंत?

हेमा : मग? नर्सने जमत नाही म्हणायचं? आमच्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवलंच नाही कुणी. ये गं दर्शना, पेढा घे. असा काय चेहरा केलायस?

दर्शना : आत्ता मेट्रन मॅडमकडून आली मी. आपल्याला दोन नवीन सिस्टर मिळणार होत्या ना, त्या मेडिकल वॉर्डला दिल्या.

हेमा : काहीतरीच काय. मला कबूल केलंय त्यांनी.

दर्शना : मी पण तेच बोलली. तर म्हणतात, तुमच्या वॉर्डला गरज नाही. रिपोर्ट आलाय, तुम्हाला सगळं झेपतं.

श्रिया : माझा रिपोर्ट? परवानगी दिली म्हणून नुसती सरासरी कळवली होती मी त्यांना. त्यावरून माणसं कमी करतील, हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

हेमा : थांबा, थांबा. दर्शना, मग तुझी नाइट?

दर्शना : चालूच राहणार. सातवा महिना लागलाय, पाय सुजतात, सगळं सांगून बघितलं. परवा रात्री चक्कर आलेली, ड्रेसिंगची ट्रॉली धरून उभी राहिली, ते पण सांगितलं. म्हणे, तुम्हीच तर लिहून दिलंय ना.

हेमा : चक्कर आली, आणि मला बोलली नाहीस?

दर्शना : फॉर्मवर तीन लिहिलेलं की मी. तुम्ही खोडायला सांगितलं, मी दहा केलं. त्याच्यावर अजून काय बोलणार सिस्टर?

श्रिया : हेमा सिस्टर, बसा तुम्ही. पाणी देऊ का?

हेमा : नको. अहो, रोज हिचं पोट दिसतंय मला. रोज हिला विचारते, जेवलीस का म्हणून. आणि मीच हिला... मला काही सुचत नाहीये, श्रियाताई.

श्रिया : हे आकडे धरू नका, असं मी आजच लेखी कळवते. माझं काम वर्षभर मागे गेलं तरी जाऊ दे. पण ते कारण विचारतील.

हेमा : कारण मी सांगेन. खोटं मी लिहायला लावलं. आमच्या वॉर्डला हे झेपत नाही. आत्ताच जाते वर.

दर्शना : तुम्ही सांगणार? सिस्टर, तुम्हाला ‘झेपत नाही’ बोलताना आजपर्यंत कुणी ऐकलेलं नाही.

हेमा : म्हणून तर म्हणतेय, तुम्ही दोघी चला माझ्याबरोबर. एकटीला नाही झेपायचं मला.