डेनिस कुणाचा होता?

…आता ते शहाऐंशी होतं की सत्त्याऐंशी, यावरच मी अडकतो, म्हणजे बघा, संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी आणि साल सांगता येत नाही! त्या पाच गोऱ्या पोरांच्या बँडचं नावसुद्धा ओठावर येतं आणि परत जातं. पण मुलुंडच्या आमच्या दीड खोलीतला शनिवार मात्र पक्का आठवतो… निदान मला तसं वाटतं. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

झालं असं, की नलिनीला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झालेली, घरात मी आणि पद्मजा, ती चौदाची. आधी मुलगी शाळेतलं सगळं सांगायची, मग नुसतं "हं" म्हणायला लागली, आणि मग "हं"सुद्धा बंद! बोलायची ती भिंतीवरच्या त्या बँडच्या पोस्टरशी. दर शनिवारी बिल्डिंगमधल्या चार मैत्रिणी आमच्याकडे यायच्या, कारण टू-इन-वन फक्त आमच्याकडे. कॅसेट लागली की पाचही जणी अशा गप्प बसायच्या, की माझ्या वर्गात पंचवीस वर्षांत कुणी बसलं नाही. मी स्वयंपाकघरात चहाचा कप धरून उभा. आणि तुम्हाला सांगतो, त्यांच्यात एक कायदा होता: पोरं पाच, मुली पाच, प्रत्येकीला एकेक वाटून दिलेला. दुसरीच्या पोराकडे बघायचंदेखील नाही. त्यांच्यातल्या लताने एकदा माणिकच्या वाट्याच्या पोराचे केस बरे आहेत म्हटलं, तर दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या पोरांच्या गाण्यात काय आहे ते सोडा, पाचात एक तरी आपला निघतो, खरी गंमत ती. हिशोब चोख बसत होता, फक्त घरात माणसं सहा होती. उरलो मी.

मग मी ठरवलं, आपणही शिकायचं. मुलगी बोलत नाही ना, तर तिच्या विषयावर बोलू! रद्दीतून मासिकं आणली, पाच नावं परीक्षेसारखी घोकली, कोण उंच, कोण ढोल वाजवतो, कोणाच्या गालाला खळी… कॉलेजात स्टाफरूममध्ये पुटपुटत होतो, तर काशीराम शिपायाने विचारलं, सर, डॉक्टरांना दाखवलंत का? इतकी तयारी करणाऱ्या बापाचं, सांगा, काय चुकलं?

तर त्या शनिवारी वेफर्सची बशी घेऊन मी बाहेर आलो. गाणं संपलं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेलाही इतका घाबरलो नव्हतो. आणि म्हणालो, "मला विचाराल, तर सगळ्यांत भारी डेनिसच."

दुसऱ्या मजल्यावरची कुंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, डेनिस माझा आहे."

पद्मजाचा ग्लेन होता हो! पाच नावं पाठ केली आणि माझ्या मुलीचा कुठला, तेवढंच उलटं लक्षात ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही आत जा ना."

आत म्हणजे कुठे, तर चार पावलांवरचं स्वयंपाकघर. गेलो.

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पद्मजा पाच वाजले की कुंदाकडे जायची. वेफर्स मात्र मी आणत राहिलो, कोण जाणे, येतील… आणि शेवटी एकटाच टू-इन-वन लावून बसायचो, ग्लेनचा आवाज कुठला ते ओळखायला. ओळखता आला, सांगायला कुणी नव्हतं. माझ्या एका वाक्यानं घर रिकामं केलं, हे मी मनाशी धरलं. पद्मजा शिकली, लग्न करून अमेरिकेला गेली, तरी रात्री दचकून वाटायचं, तेव्हा ग्लेन म्हटलं असतं तर?

आणि आता परवा, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, लताच्या मुलाच्या लग्नात कुंदा भेटली. केस पांढरे झालेत तिचे. म्हटलं, कुंदा, त्या डेनिसबद्दल माफी मागायची राहून गेली, त्यामुळेच तुम्ही यायच्या थांबलात. तर ती आठवून बघते, आठवून बघते… आणि हसत सुटली. "कोण डेनिस, काका? अहो, आमच्याकडे व्हीसीआर आला होता! तुमच्याकडे नुसतं ऐकू यायचं, आमच्याकडे पोरं नाचताना दिसायची."

माझा विश्वास बसेना, म्हणून पद्मजाला फोन लावला. ती म्हणाली, हो, व्हीसीआरच. आणि बाबा, तुम्ही त्या दिवशी काही बोलला होतात का?