आवाजाची वायर

लामय : ते नंतर. आधी दोरीवरचं माझं नेसूचं कुणी फाडलं ते सांग, मग मी कॉम्प्युटरला हात लावते.

बुनथोम : ताई, सव्वातीन होत आले. तिकडे बँकॉकात बॉक्सिंगची तिसरी लढत चालू असेल. चौथी आपल्या केंगची आहे.

लामय : चार बोटं रुंद पट्टी नेलीय. सरळ रेषेत. कुत्रं असं फाडत नाही, उंदीर असं कुरतडत नाही.

बुनथोम : मला काय करायचंय तुमचं नेसूचं?

लामय : तुझं काय सांगावं! माझ्या बहिणीच्या लग्नातली चादर तू वाळूच्या पोत्याला गुंडाळलीस आणि वर्षभर तिला गुद्दे मारत बसलास.

बुनथोम : चादर चानपेननेच दिली होती.

लामय : चानपेनने दिली, चानपेनने पाठवलं, चानपेन हो म्हणाली. मेलेली बायको बरी सापडलीय तुला. कशालाच नाही म्हणत नाही.

बुनथोम : ताई, वायर लावा. पाया पडतो.

लामय : पडू नकोस. सही कर. हा फॉर्म, हे पेन. कॉलेजची मुदत उद्या संपते. पोरगा सतरा वर्षांचा आहे, बापाची सही लागते. त्याशिवाय का मी हा डबा अंगण ओलांडून उचलून आणला? कंबर गेली माझी.

बुनथोम : लढत झाली की करतो.

लामय : मागच्या लढतीला कॉलेजचं काढलं तेव्हा हेच म्हणालास. त्याच्या मागच्या लढतीलाही हेच.

बुनथोम : पोराला विचारलंत का, त्याला मोटारी दुरुस्त करायचं कॉलेज हवंय का?

लामय : अक्षर बघ. कुणाचं आहे?

बुनथोम : त्याचंच. पण तुम्ही भरायला लावला असणार.

लामय : मग? तू खेळायला लावलास, मी भरायला लावला. सात वर्षांचा होता तो, तू त्याला जत्रेत उभा केलास तेव्हा. फॉर्म भरताना निदान त्याचं नाक तरी फुटलं नाही.

बुनथोम : त्याच्यात आहे ताई ते. माझ्यात नव्हतं, मी नव्वद लढती नुसता रेटत राहिलो. पण त्याच्यात आहे.

लामय : तुझ्यात काय होतं आणि काय उरलं, ते समोर दिसतंय. उजव्या डोळ्यात धुकं, डावा कान बंद.

बुनथोम : म्हणून तर टीव्ही हवा. तुमच्या मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर मला माणूस कुठला आणि खांब कुठला, कळत नाही.

लामय : सरपंचाकडे जायचंस. त्याचा टीव्ही भिंतीएवढा आहे.

बुनथोम : तिथे पैजा लावणारे बसतात. केंगने एक मार खाल्ला की त्याच्या आईवरून शिव्या देतात. ती जिवंत होती तेव्हा हसून सोडून द्यायचो. आता नाही ऐकवत.

लामय : ...टीव्ही पुढे ओढ. भिंतीपासून हातभर. मला मागे जायला जागा हवी.

बुनथोम : हा ओढला.

लामय : ऐक आता, मागाहून रडू नकोस. ही निळ्या तोंडाची वायर चित्राची. हिच्यातून फक्त चित्र येतं. आवाजाची ही दुसरी, काळी. चित्र देते तुला, माणुसकी म्हणून. काळी माझ्या हातात राहील. सही झाली की लावीन.

बुनथोम : कॉम्प्युटरला स्वतःचा आवाज नाही?

लामय : डबा आहे तो. मुका. त्याचा पडदा मार्चमध्ये जळाला आणि स्पीकर मी कधी घेतलाच नाही. आरोग्य केंद्राच्या याद्या टाइप करायला आवाज लागत नाही.

बुनथोम : ताई! ग्लव्हज आहेत तिथे! ओलांडू नका, बाजूने जा!

लामय : हो रे बाबा, बाईचा पाय पडला की ग्लव्हज बाटतात. त्याच बाईने शिजवलेला भात मात्र बाटत नाही, तीन वेळा जातो पोटात.

बुनथोम : मी नाही केले हे नियम. वस्तादांनी केले, त्यांच्या वस्तादांनी केले.

लामय : एकाही वस्तादाला बायकोने विचारलं नाही वाटतं. हं, खोचली वायर. रिमोट घे. 'सोर्स' लिहिलंय ते बटण दाब. यादी येईल. खाली ये. अजून खाली. 'पीसी'वर थांब.

बुनथोम : निळं झालं सगळं. नुसतं निळं.

लामय : थांब, डबा चालू व्हायचाय. माझ्या घरातलं इंटरनेट भिंतीतून इथपर्यंत यायला वेळ लागतो. त्यालाही तुझ्या घरात यायला जड जात असेल.

बुनथोम : हे घर चानपेनचं होतं.

लामय : जमीन आमच्या आईची. घर चानपेनचं. तू लग्नानंतर तिच्यामागून इथे राहायला आलास, आणि आता ती नसताना राहतोयस. मी काही म्हटलंय का? सात महिन्यांत एक शब्द काढलाय?

बुनथोम : शब्द नाही काढला. पण रोज सकाळी अंगणात झाडू मारता ना तुम्ही, तो ऐकू येतो मला. उजव्या कानाने.

लामय : बरं होतं. आलं बघ चित्र.

बुनथोम : आलं! रिंगण आहे. पण ताई, हे असं का? सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसतेय.

लामय : मी बघणार नाहीये. मी पाठ करून बसलेय. आवाज हवा तर सही कर आणि मला मोकळी कर.

बुनथोम : आवाजाशिवाय मला लढत कळायची नाही. वाद्यं संथ वाजतायत की पेटलीयत, त्यावरून कळतं. गुडघा बसला की माणसं ओरडतात, त्यावरून कळतं. डोळ्याचा भरवसा नाही, कानाचा अर्धा आहे. तोही तुम्ही मुठीत धरून बसलाय.

लामय : मग सोडव ना. पेन तुझ्या गुडघ्यापाशी आहे.

बुनथोम : सही केली की पोरगं गेलं माझं.

लामय : कुठे गेलं? बुरीरामला? एक तास बसने?

बुनथोम : आखाड्यातून गेलं. मग मी इथे कशाचा? चानपेन नाही, केंगची पहाटेची धाव नाही, पोतं नाही, काढा नाही. सकाळी उठून मी करू काय, सांगा.

लामय : माझी बहीण काय करायची, तू पोराला घेऊन गावोगाव हिंडायचास तेव्हा? भाजीला पाणी घालायची. तू घाल.

बुनथोम : टोचून बोलायला तुम्हाला शिकवावं लागत नाही.

लामय : ती गेली तेव्हा कुठे होतास तू, बुनथोम?

बुनथोम : ठाऊक आहे तुम्हाला.

लामय : तुझ्या तोंडून ऐकू दे.

बुनथोम : कोराटला. रिंगणाच्या कोपऱ्यात.

लामय : हातात काय होतं?

बुनथोम : ...बादली.

लामय : बादली. आणि माझ्या हातात तिचं डोकं होतं. चार वेळा विचारलं तिने, आले का दोघं. चार वेळा मी म्हटलं, वाटेत आहेत. खोटं बोलले मी तुझ्यासाठी. त्याचं पाप माझ्या माथी बसलंय.

बुनथोम : मला तिनेच पाठवलं, ताई. पोरगं एकटं जायला नको म्हणाली. देवाशपथ.

लामय : म्हणाली असेल. मेलेलं माणूस नाही म्हणत नाही.

बुनथोम : ...दोघं आले रिंगणात. ताई, एकदा वळून सांगा. आपला कुठला? केंग निळ्या कोपऱ्यात आहे, निळी चड्डी. इथे एकाची लाल दिसतेय, दुसऱ्याची काळी.

लामय : निळा रंग येत नाहीये. चित्राची वायर ढिली असणार.

बुनथोम : घट्ट करा ना मग.

लामय : सही.

बुनथोम : हे बरोबर नाही. चित्र देते म्हणालात, पिवळं चित्र देते असं ठरलं नव्हतं!

लामय : वकील व्हायचंस तू, मार खाण्यापेक्षा. सरक. बाजूनेच जातेय, ओरडू नकोस. हा एक स्क्रू. आता?

बुनथोम : तसंच.

लामय : आणि हा दुसरा. मी वायर खोचत होते तेव्हा तू टीव्ही हलवलास, तिथेच निसटली. आता?

बुनथोम : आलं! निळी चड्डी! केंगच तो. खांदे बघा, चानपेनसारखे पाडलेले. गुडघ्यावर बसलाय. वंदन करतोय. हे एकदा डोकं टेकवलं... हे दुसऱ्यांदा... ताई, बाहेर या हो टीव्हीमागून.

लामय : मला नाही बघायचं. मी नुसती बाहेर... 

बुनथोम : काय झालं?

लामय : त्याच्या दंडाला काय बांधलंय?

बुनथोम : काही नसणार. आईच्या नेसूच्यातली पट्टी बांधतात, तेवढीच राखण असते बॉक्सरला. चानपेनच्या हिरव्यातली मी कापून दिली होती. विसरून गेला. ही बघा, माझ्या खिशात आहे. सोमवारी सापडली.

लामय : कुठे सापडली?

बुनथोम : चानपेनच्या फोटोमागे.

लामय : फोटोमागे कोणी विसरतं का, मूर्खा? घडी करून ठेवली असेल.

बुनथोम : घडीच होती. फोन केला तर म्हणाला, राहू द्या बाबा, आईला मारामारीत ओढायचं नाही. आणि तुम्ही या वेळी येऊ नका म्हणाला. का, ते नाही बोलला. मीही विचारलं नाही.

लामय : त्याच्या डाव्या दंडाला पट्टी आहे.

बुनथोम : वस्तादांनी दिली असेल. कसली आहे?

लामय : जांभळी. पिवळ्या चौकटींची.

बुनथोम : एवढ्या लांबून चौकटी दिसतात तुम्हाला?

लामय : दिसायला कशाला हव्यात? आठ वर्षं नेसतेय मी ते.

बुनथोम : ...म्हणजे दोरीवरचं?

लामय : चोर आहे. तुझ्यावर गेलाय. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे मागायला आला होता. मी म्हटलं, तुला मार खायला माझा कपडा मिळणार नाही. आधी कॉलेजचा फॉर्म भर. तर दुसऱ्या दिवशी भरून हजर.

बुनथोम : मग दिलात?

लामय : नाही दिला. म्हटलं, बापाची सही आण, मग देते.

बुनथोम : माझ्याकडे तो आलाच नाही सहीला.

लामय : येऊन काय मिळणार होतं, ते त्याला कळत होतं. बापही तसलाच, मावशीही तसलीच. घेतली कात्री आणि कापलं. नीट सरळ कापलं मेल्याने. मी इथे कुत्र्याला शिव्या देतेय.

बुनथोम : ताई.

लामय : काय आहे?

बुनथोम : बाईचं नेसूचं बॉक्सरच्या अंगाला नुसतं लागलं तरी अपशकुन मानतात. पोरं कपड्यांच्या दोरीखालूनसुद्धा जात नाहीत. एकाच बाईचं चालतं.

लामय : ठाऊक आहे मला. नको शिकवूस.

बुनथोम : मी फक्त सांगितलं.

लामय : नको सांगूस म्हटलं ना. ती पिन दे इकडे. ती नाही, काळी. माझ्याच हातात आहे होय... कुठलं भोक हे? दिसेना झालंय मला. अंधार आहे इथे.

बुनथोम : तिथे चांगलं ऊन पडलंय, ताई.

लामय : गप्प बस. हां. बसली.

(टीव्हीतून सनई, ढोल आणि झांजा एकदम घरभर.)

बुनथोम : ऐका... संथ वाजतंय. अजून संथ आहे. घाई नाही करत पोरगं. बघा, वंदन झालं, वस्ताद डोक्यावरचं मंतरलेलं कडं काढतायत त्याच्या. दंडाची पट्टी राहते, ती शेवटपर्यंत काढत नाहीत. ताई, कागद आणा.

लामय : आता राहू दे.

बुनथोम : आणा म्हणतो ना. घंटा झाली की माझे हात माझे राहत नाहीत. कुठे करायची?

लामय : खालच्या रेघेवर. अरे, रेघेवर म्हटलं, रेघेच्या वर नाही. तुझा तो डोळा! इथे.

बुनथोम : झाली. वाचता येतंय ना?

लामय : तुझं नाव कधी वाचता येत होतं? चालेल.

बुनथोम : तुमच्यासाठी नाही केली.

लामय : तुझ्यासाठी नाही लावली मी वायर. सरक तिकडे, चटई काय तुझ्या एकट्याची आहे?

बुनथोम : त्या बाजूला नका बसू, तो माझा बंद कान आहे. बोललात तर कळायचं नाही.

लामय : मग इथेच बरी. घंटा झाली का?

बुनथोम : झाली. उठला. ताई, पुढे काय दिसतंय ते सांगत राहा, मोठ्याने. हात वर आहेत ना त्याचे?

लामय : आहेत. डावा जरा खाली आहे... घेतला वर. कापायचीच होती तर दोन पट्ट्या कापायच्या होत्या मेल्याने. उजवा दंड उघडाच आहे.