दुपारची गोळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संस्थेचे चिटणीस आदरणीय कानिफनाथराव; साखर कारखान्याच्या कामातून वेळ काढून श्रीगोंद्याहून आलेले प्रमुख पाहुणे माननीय गोरक्षनाथ अण्णा; मुख्याध्यापक महेंद्र साळवे सर; माझे सहकारी, शिपाई कचरूभाऊ, ग्रामस्थ, माता-भगिनी, आणि सतरंजीवर एकमेकांना कोपरखळ्या मारत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सर्वांत आधी मी अण्णांचे आभार मानते, ते उशिरा आल्याबद्दल. हसू नका, मनापासून मानते. साळवे सर म्हणाले होते, "चांगुणाबाई, कार्यक्रम सकाळी ठेवू, सकाळी तुम्हाला बरं असतं." मीच हट्ट धरला की दुपारनंतर ठेवा. अण्णांनी त्यात आपल्या परीनं भर घातली. आता ऊन पार शाळेमागच्या उसावर गेलंय, आणि मला हीच वेळ हवी होती. का, ते सांगतेच.

माझ्याविषयी सगळे इतकं चांगलं बोलले, की मधे एकदोनदा मला वाटलं, बाई वारल्या की काय! बाई आहेत. वय व्हायच्या आधी घरी चालल्यात, इतकंच. साळवे सरांनी मला सगळे सकाळचे तास दिले, तरी आवाज पुरेना. शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं फळ्याकडं तोंड करून उभं राहायचं आणि पोरांनी एकमेकांना विचारायचं, बाई काय म्हणाल्या? मला ते बरं वाटेना. म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझी इच्छा त्यात किती होती, ते माझं मला ठाऊक.

पण शेवटचा तास घेतल्याशिवाय मी जाणार नाही. तुषार, तोंडातलं संपव आधी.

आपलं शरीर चालतं ते स्नायूंवर. डॉक्टर लोक स्नायूला 'मायो' म्हणतात. मायल्जिया म्हणजे स्नायू दुखणं. मायोपथी म्हणजे स्नायूच बिघडणं. मायोसायटिस म्हणजे त्यांना सूज येणं. डिस्ट्रॉफी म्हणजे ते झिजत जाणं. मला यातली बहुतेक नावं मिळून झाली आहेत, अण्णा! एकानं मायल्जिया सांगून चोळायला मलम दिलं. दुसऱ्यानं अशक्तपणा म्हणून लाल टॉनिक दिलं. तिसरे म्हणाले, बाई, तुम्ही मनाला फार लावून घेता. शेवटी साळवे सरांनी मला त्यांच्या स्कूटरवर घातलं आणि नगरला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी एकच केलं. म्हणाल्या, वरच्या पंख्याकडं बघत राहा. मी बघत राहिले. हळूहळू माझ्या पापण्या खाली आल्या, उचलता उचलेनात. त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पापण्या वर गेल्या आणि पंखा पुन्हा दिसला.

त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या आजाराला नाव आहे. मायॅस्थेनिया."

अस्थेनिया म्हणजे बळ नसणं. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, पण स्नायू तो नीट घेत नाही. वापरावं तसा थकतो. विसावा दिला की परत येतो. म्हणून सकाळी माणूस ठणठणीत आणि दिवस कलला की मेणासारखा.

नाव ऐकलं आणि मी रडायला लागले. डॉक्टरबाईंना वाटलं, घाबरली. मी घाबरले नव्हते हो. मला माझी आक्का आठवली.

माझी थोरली बहीण, बनू. आम्ही तिला आक्का म्हणायचो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आठवत असेल, पण तिचं नाव कुणी काढत नाही. आमच्या घरीही काढत नव्हते. सकाळी दोन घागरी घेऊन विहिरीवरून यायची आणि वर गाणं म्हणायची. दिवेलागणीला तीच आक्का भाकरी चावताना हनुवटीला खालून हात लावून जबडा हलवायची. आई म्हणायची, "सोंगं करती. कामाच्या येळंला बरी हुते हिला कणकण!" मग तिच्या पापण्या पडायला लागल्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं. हसायला गेली की दात दिसायचे, पण चेहरा रागावल्यासारखा व्हायचा. आणि मग आवाज बदलला. दिवस मावळला की आक्का नाकातून बोलायची.

आपल्याकडे नाकातून कोण बोलतं, ते लहान पोरालाही ठाऊक आहे. मायल्जिया कुणाला माहीत नव्हतं, पण हडळ सगळ्यांना माहीत होती.

तिला डोंगरावरच्या देवाच्या ठाण्यावर नेलं. मी बरोबर होते, सहादेव आईचा पदर धरून होता. सहादेव, माझा भाऊ, तो बघा, दाराशी उभा आहे. बस बाबा खाली. तिथं बाधा झालेल्या माणसाला झाड म्हणतात. भगतानं आक्काला दिवसभर उपाशी बसवली, घुमवली, आणि ऊन उतरल्यावर विचारायला लागला. "कोन हाय तू? नाव सांग! नाव सांगितल्याबिगर सोडनार न्हाई!" आई हात जोडून म्हणत होती, "सांग गं माय, नाव सांग, म्हंजी सुटशील." दिवसभर थकलेली ती, जीभ उचलत नव्हती तिची. शेवटी सगळा जीव एकवटून ती नाकातून बोलली, "चांगुणा."

मंडळी, ती मला हाक मारत होती. समोर मीच उभी होते.

पण गावात पूर्वी चांगुणा नावाची एक बाई विहिरीत गेलेली होती. लोक म्हणाले, तीच ही, कबूल झाली! मला कुणीतरी मागं ओढलं. मिरच्यांची धुरी आणली. श्वास घेण्याचेही स्नायूच असतात, मुलांनो, हे तुम्हाला मी दरवर्षी शिकवलंय. आक्काचे तेवढेच उरले होते. ती आडवी झाली, हलेना, तेव्हा भगत म्हणाला, "सुटलं झाड." आणि लोकांनी हात जोडले.

मला आजही धुराचा वास आला की ती हाक ऐकू येते. वर्गात, स्टाफरूममध्ये, उन्हं कलायला लागली की हटकून. माझी आक्का मला बोलावत होती आणि मला तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही.

थांबते जरा. ऐकू येतंय ना मागे? आवाज जड झालाय, मला कळतंय. वृषाली मॅडम, माईक थोडा जवळ करा.

हे सगळं आज, हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात कशाला, असं अध्यक्षांच्या मनात आलं असेल. त्याचं कारण दाराशी, सहादेवच्या शेजारी आहे. त्याची लेक, ज्ञानेश्वरी. आपल्याच शाळेत सहावीत आहे. दिवाळीपासून तिची पापणी पडते. संध्याकाळी घास गालात राहतो. आणि आता तिचा आवाज बदललाय. मी सहादेवला म्हटलं, नगरला चल, डॉक्टरबाईंना दाखवू. असा आजार सहसा रक्तातून उतरत नाही, पण त्याची एक जात उतरते, त्यांनी मला सांगितलंय. तू मामाचीच मुलगी केलीस, त्यानंही होतं. तर हा मला काय म्हणाला?

"ताई, तुझं दुखणं येगळं. तुझा आवाज कदी असा झाला न्हाई. हिचा आवाज मी वळखतो. आक्काच आलीय."

परवा अमावास्या आहे. टेम्पो सांगून ठेवलाय त्यानं. त्याच ठाण्यावर जायला. तिथं आता दुसरा भगत आहे, पण विचारणार तेच.

मला राग आला होता. खूप आला. मग कळलं की हा खरंच बोलतोय. त्यानं माझा तो आवाज कधी ऐकलेलाच नाही. मी वेळेवर गोळ्या घेते. पदराच्या गाठीत बांधून फिरते. माझी मलाच भीती वाटते ना त्या आवाजाची! आरशासमोर कधी बोलले नाही, संध्याकाळी दार लावून घेतलं. इतकी वर्षं मी तो लपवला, आणि माझ्या भावाला वाटलं, ताईचं दुखणं वेगळं.

म्हणून आज मी दुपारची गोळी घेतलेली नाही.

साळवे सर, उठू नका. बसा. मला माहीत आहे मी काय करतेय. तुम्ही मुलांनी मात्र असं कधी करायचं नाही.

ऐका आता. हा आवाज. नाकातून येतोय ना? पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला. ओळखलात तुम्ही. सहादेव, तूही ओळखलास. तोंड फिरवू नकोस. आक्का अशीच बोलायची. माझी पापणी बघ. चेहरा बघ. मी आत्ता तुझ्याकडे बघून हसतेय, आणि तुला ते दिसत नाही.

कचरूभाऊ, पाणी नको. आता पाणी नाकातून परत येईल. ती दह्याची वाटी द्या. गोळी कुटून ठेवलीय त्यात. हनुवटी खाली केली की गिळता येतं.

घेतली.

आता छोटं बोलते. सहादेव, आक्का कुणाला धरायची नाही रे. तुला मांडीवर घेऊन ती भरवायची, स्वतःला चावता येत नसताना. तिला भिऊ नकोस. मी भ्याले, तेवढं पुरे. तुला नाव विचारायचंय ना? मला विचार. मी झाड आहे, समोर उभी आहे. नाव, मायॅस्थेनिया. नगरला राहतो त्याचा उतारा. परवा तोच टेम्पो तिकडे जाईल.

अध्यक्ष महाराज, पाहुण्यांचे, संस्थेचे, सगळ्यांचे आभार. सत्काराच्या दिवशी मी तुम्हाला घाबरवलं, पोरींच्या अंगावर काटा आणला, ते पोटात घाला. शब्द अर्धे तुटले असतील, तेही सांभाळून घ्या.

फक्त कुणी उठू नका. चहा इथंच द्या. तुमचा चहा होईस्तोवर माझा आवाज परत येईल. तो येताना या गावानं ऐकावा, एवढंच मागते.

ज्ञाना, बापाचा हात सोड. इकडे ये, माझ्याजवळ बस. आवाज आला की पहिल्यांदा तुलाच हाक मारते.