शेंदराखालचे आकडे

मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. विंझरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची वस्ती, वरची आळी. चंद्राबाईंच्या घराची ओसरी. पाण्याचे मीटर वाचणारा माणूस येऊन अर्धा तास झाला. मीटर परसात आहे. माणूस अजून ओसरीवरच आहे.

— उठता कशाला, बसा की हो सायेब. मीटर काय पाय फुटून तोरण्यावर चढणार हाय? नळीला आवळलेला हाय त्यो, तुमच्याच माणसानं आवळलाय. ताटलीत अजून अळूवड्या हायती, त्या कुणी खायच्या? मला न्हाई सोसत, घसा खाजतो — तुमचा न्हाई खाजायचा, चिंच घातलीया, खा. नूतन! आगं नूतन, निघाला का? — काय निघाला म्हंजे? नारळ हो. नूतन सून हाय माझी, परसात नारळ काढतीया करवंटीतनं, अन् त्यो निघत न्हाई. ऐकलं न्हवं, म्हणली ‘निघंल, निघंल’. दमली बिचारी, आवाज बी बसलाय. म्हणून म्हणते आत्ताच परसात जाऊ नका, काथ्या पडलाय समदा, पायात रुतंल.

आन् ती पिशवी जरा लांब ठिवा. तिच्यातनं पाना दिसतोय मला. म्हातारी झाले तरी डोळं शाबूत हायती. बिलाच्या तळाला तुमच्या हापिसानं काय छापलंय ते नूतननं मला वाचून दावलंय, एकदा हळू अन् एकदा मोठ्यानं — ‘लागोपाठ तिसऱ्या खेपेस मीटर वाचता न आल्यास जोडणी तोडण्यात येईल.’ दोन खेपा झाल्या, तवा तुमी न्हवता, दुसराच माणूस आलता, दोन्ही बिलं ‘सरासरी’ म्हणून आली, अन् ही तिसरी. म्हंजे आज तुमास्नी काच सोच्छ दिसली तर नळ ऱ्हायचा, न्हाई तर तुमचा पाना अन् माझा नळ. व्हय ना? बोलू नका, तोंडात घास हाय, नुसती मान हालवा. — हां. मग झालं तर. नळ गेला म्हंजे खालच्या ओढ्याला जायचं घागर घिऊन, अन् ही चढण घिऊन परत यायचं. गुडघं हायेत हो माझं, टेम्पोचं टायर न्हाईत बदलायला.

तवर मला ह्ये बिल समजून सांगा. म्हंजे मीच सांगते, तुमी खा. चुकलं तर मान हालवा. ही वरची वळ, मागचं वाचन. ही खालची, आताचं वाचन. आताच्यातनं मागचं वजा केलं की ऱ्हातं ते आपण सांडलं-लवंडलं, प्यालो-धुतलं ते पाणी. हजार लिटरला एक युनिट. मीटराच्या तोंडावर काळे आकडे अन् लाल आकडे — काळे युनिटाचे, बिलाला तेच धरायचे. लाल ते फुटकळ लिटराचे, निस्तं आपल्या समाधानाला, दुधाच्या मापावरच्या फेसावानी. बरोबर हाय? बघा, शाळा चौथीतच सुटली माझी, न्हाई तर तुमच्या खुर्चीत मी असते अन् तुमी हितं वड्या तळत बसला असता.

पर ही सरासरी काय भानगड हाय ते सांगा. आकडा दिसला न्हाई की आधीच्या बिलांवरनं अंदाज. अंदाजानं मी बी आमटीत मीठ टाकते, पर खारट झाली तर मालकांचं बोलणं खाते. तुमच्या अंदाजाला कुणी बोलायचं? अन् अंदाज धरला कोणच्या महिन्यांचा? ऐन उन्हाळ्याचा! तवा लेक आली हुती बाळंतपणाला, तिकडं गोठ्यात म्हस व्यालेली — घरात दोन बाळंतिणी सायेब, अन् दोघींना ऊन पाणी लागतं. त्येच्यावरनं तुमी थंडीचं पाणी ठरवलं. थंडीत आमी आंघोळ बी अंदाजानंच करतो. नळाकडं बघत बी न्हाई कुणी.

आन् ही वळ! हिच्यावर नूतननं बोट ठिवलं तवा मी म्हणलं परत वाच. ‘सांडपाणी आकार.’ जेवढं पाणी घरात आलं त्यातलं शंभरातलं ऐंशी गटारात गेलं असं धरायचं. म्हंजे पाच घागरी आल्या की चार गटारात. कुणी बघितलं? म्हस पिती ते कुठलं गटारात, ती दूध देती. मालक पितात ते बी न्हाई जात, ते घामात जातं — निदान तसं ते सांगतात. बरं, जाऊ द्या, गेलं म्हणू गटारात. गटार कुठाय? उभं ऱ्हावा — नगं नगं, बसूनच बघा. ही आळी हितनं सुरू, त्या पिंपळापाशी संपली. दिसलं? मला बी चाळीस वर्षांत दिसलं न्हाई. आमच्या मोरीचं पाणी भिंतीच्या बुडातनं परसात पडतं, अन् परसात तिथंच काय हाय? अळू. मोरीवर कसा माजतो अळू, तुमास्नी काय सांगायचं. — आता थांबलात का? धुतल्याली हायती पानं! खा. तुमच्या हापिसानं शंभरात ऐंशी सांडपाणी कुठं गेलं ते धुंडत बसायला नगं, त्यातलं निम्मं तुमच्या पोटात हाय. चव बरी हाय का न्हाई? मग लिहा तसं.

नूतन! अजून किती येळ गं? — ‘निघंल’ म्हणती. निघंल तवा निघंल.

हसताय तुमी. हसा. पर खरी गंमत पुढंच हाय. नळ नवा बसला तवाची गोष्ट. पाणी यायची येळ झालेली, दहाच्या अलीकडं-पलीकडं येतं आमच्याकडं, अन् मी तोटी सोडून, बादली लावून भांडी घासत बसलेली. पाणी न्हाई. नळातनं निस्ता सुस्कारा, मोठ्या माणसानं टाकावा तसा. सहज बघते तर मीटराच्या काचेत ती बारकी चांदणी हाय ना, तुमी काय म्हणता तिला — चक्री — ती गरगर गरगर गरगर. थेंब न्हाई पाण्याचा, हात लावला न्हाई कुणी, अन् फिरतीया! काय समजायचं माणसानं? तुमी शिकल्यालं, तुमी घाबरून हापिसाला फोन लावला असता. म्या पदर घेतला डोक्यावर अन् हात जोडले.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातलं समदं हत्यार पुजायचं, आपली रीत हाय — कोयता, कुऱ्हाड, विळा, मालकांची कुदळ. आता तर मिक्सरला बी कुंकू लागतं, नूतनच्या स्कूटीला झेंडूचा हार. मी म्हणलं, मिक्सरला बटण दाबावं लागतं, स्कूटीला पेट्रोल लागतं, अन् हा आपल्या आपण फिरतो, मग ह्यानंच काय घोडं मारलंय? कालवला शेंदूर तेलात अन् दिला लिंपून. बोटभर जाड. मग दर मंगळवारी वरनं एक हात —

आता झालं का. बोलून बसले. घास गिळा आधी, ठसका लागंल.

व्हय. नारळ न्हाई त्यो. शेंदूर निघत न्हाई काचेवरचा. म्हणून बसवलंय तुमास्नी. वड्या मात्र खऱ्याच हायती, त्यात काय लबाडी न्हाई. बसा हो, रागानं उठू नका, पाना घिऊन कुठं निघालात? पाच मिंटं. निघंल म्हणती ती, म्हंजे निघंल.

तुमी म्हणाल अडाणी बाई, कळलं न्हाई हिला. कळलं! नूतननंच सांगितलं, ती बारावी झालीया. म्हणली, आत्याबाई, त्यो देव न्हाई, ती हवा हाय. पाणी सुटलं की नळीत कोंडलेली हवा पुढं ढकलती, अन् जाता जाता चक्री फिरवून जाती. म्हंजे आमी हवेचं बी बिल भरायचं, अन् त्या हवेतली शंभरात ऐंशी हवा वापरून गटारात सोडली असं बी धरायचं. माझं माहेर भाटघरचं हो सायेब. धरणाच्या पाण्यावर वाढलेली पोर मी, अन् सासरी येऊन वारा विकत घेतीया.

मग कळल्यावर शेंदूर का पुसला न्हाई? आता तेवढंच इचारायचं ऱ्हायलं हुतं तुमचं.

पुसणार हुते. पर तवर सुलक्षणा यायला लागली हुती. सुलक्षणा म्हंजे माझी धाकटी जाऊ, ह्या भिंतीच्या पल्याड असती. दोघं भाऊ वेगळं निघालं, घरात मधी भिंत आली, पर तुमच्या कागदावर घर एकच. म्हणून नळ एकच दिला, अन् त्यो आला माझ्या परसात. मी मागितला न्हवता. पर त्या दिवसापासनं बाईनं जे तोंड फिरवलं ते फिरवलं. मी म्हणले का, ये, घिऊन जा पाणी? न्हाई म्हणले. का म्हणू, तिनं मागावं. ती मागंल? मरंल, पर मागायची न्हाई. मी बी काय कमी न्हाई. रोज सकाळी ऐकायचे भिंतीपल्याडनं — ओढ्याला जाताना घागर वाजती, रिकामी असती न्हवं. येताना वाजत न्हाई. येताना तिचा दम वाजतो.

पर देवाकडं यायला काय निवतं लागतं? शेंदूर लावला अन् चार दिसांत बाई परसदारानं आत. माझ्याकडं न्हाई बरं का, देवाकडं! फूल वाहिलं, हात जोडलं, अन् बरोबर आणलेली घागर लावली नळाला. कशाला? तीर्थ म्हणून. घागरभर तीर्थ! मी चुलीकडं तोंड करून बसले, मला काय दिसलंच न्हाई. दुसऱ्या दिशी दोन घागरी तीर्थ. आता तर धुणं बी तीर्थातच निघतं तिचं. तिनं मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई, बोलणं तर न्हाईच न्हाई. गुडघं तिचं बी माझ्याच वयाला आलंय. आता तुमीच सांगा, असला देव खरडून काढू?

— आं? लिहिताय काय? ठिवा ते पेन! बिलाच्या पाठीवर काय छापलंय ते ठाऊक हाय मला, ‘दुसऱ्या घरास पाणी पुरविल्यास जोडणी तोडू’. म्या कुठं पुरवलं? देवानं पुरवलं. देवाच्या नावानं काढा नोटीस, मी लावते ती शेंदरावर चिकटवून.

ह्यो बघा चहा आला. दे गं नूतन, सायबांस्नी — तू? तू हितं कशी? हात दाव तुझे. उलटे कर. सोच्छ हायती की. चहाच करत हुतीस इतका येळ? मग तुला मी काम सांगितलं त्येचं काय, अन् परसातनं ‘निघंल, निघंल’ कोण वरडतंय मघापासनं? ... काय म्हणलीस? ‘मला हातच लावू दिला न्हाई’? कुणी?

ऱ्हाऊ द्या चहा. चला सायेब, या माझ्या मागनं. पायरी उंच हाय, संभाळून.

... सुलक्षणा.

आगं हात बघ तुझे, कोपरापत्तूर लाल. खोबरेल लावून घासलंस? लुगडं बी माखलं नवं. काच बघा सायेब, काच! नवरीच्या आरशावानी. अन् शेंदूर कुठं टाकलास? टाकला न्हाई? सबंध निघाला — हे बघा, वाटीवानी आख्खं कवच निघालं, देव खोळ सोडतो तसं! अन् कुठं ठिवलंस? दगडावर. नळाच्या कडंचा दगड, त्याला चिकटवून वरनं फूल बी वाहून मोकळी झालीस. म्हंजे देव मीटरातनं उठला अन् दगडात बसला. लई शानी हायस! सायेब, मीटर तुमचा, दगड आमचा. दगड पुजायला तुमच्या हापिसाची हरकत नसावी. अन् दगड नळाच्या कडंला हाय, आता त्याला आमी काय करणार.

काय म्हणलीस गं? मोठ्यानं म्हण की, मला ऐकू कमी येतं. — ऐकलं का सायेब? ‘आक्का’ म्हणली. ‘आक्का, आता निघाला’ म्हणली. बास, पुढं काय बोलू नकोस, मला डोळं पुसायला हात मोकळा न्हाई.

वाचा तुमी. वाका जरा. काळे आकडे तेवढे घ्या, लाल मला ऱ्हाऊ द्या. घेतलं लिहून? फोटू बी काढा मोबाईलात, म्हंजे सरासरीचं नाव नगं परत. पाना पिशवीत गेला? शाबास. नळ ऱ्हायला म्हणायचा.

आता जाऊ नका, एवढंच बघून जा. तुमास्नी बसवून ठिवण्यात माझा हा बी एक डाव हुता. दहा वाजत आलं. सुलक्षणा, लाव तुझी घागर. आता काय तीर्थ म्हणायचं ते म्हण, पर लाव. सोड तोटी.

गप ऱ्हावा समदी. ऐका.

आला का सुस्कारा? आता काचेत बघा, आता सोच्छ दिसतंय न्हवं, त्यासाठनंच पुसलीया. बघा, बघा, सुटली! आता घागरीत हात घाला. घाला हो, काय चावत न्हाई. हात काढा. कोरडा हाय? मग सांगा, ह्ये कोण फिरवतंय? देव म्हणायचा तर मघाशीच उठून दगडात गेला, तुमच्या डोळ्यांदेखत. कोणच्या रकान्यात लिवता ह्ये? अन् ह्यातलं शंभरात ऐंशी कोणच्या गटारात गेलं, तेवढं बोटानं दावा मला.

बोला की हो. आता तर तोंडात घास बी न्हाई.

घागर कोरडी होती. चक्री फिरत होती.