बिनशेपटीचा गोळा

— नाही, तसं नाही साहेब, आधी तुम्ही ओळखायचं. गोष्ट मी सांगतो, शेवटी फटका कुणाला बसला ते तुम्ही ओळखा — ओळखलंत तर जन्मभर तुमची दाढी या खुर्चीत फुकट. नाही ओळखलंत तर... ते मग बघू. मान हलवू नका! वस्तरा जुना, मीही जुना, दोघांचाही भरवसा नाही. टेका डोकं मागं. हां. वर जायचंय म्हणता, ताईशी चार शब्द बोलायचे म्हणता — जाल हो, जाल. जिना माझ्या दुकानातूनच आहे, तो काय पळून जातोय? पण दाढी वाढलेल्या तोंडानं माझ्या बहिणीसमोर कुणी जात नाही, नियम आहे. कधीपासून? आत्तापासून. आणि ऐकताय ना, वर टर्र-टर्र चाललंय? ताईचं शिवणाचं मशीन. ते चालू असलं की तिला खालचा शब्दसुद्धा ऐकू जात नाही, छत कोसळलं तरी दोरा तोडूनच वर बघेल. म्हणजे आपल्याला मोकळं रान. तोवर बोलून घेऊ.

समोर बघा, आरशाच्या वर. फोटो ओळखला का? अहो तुम्हीच! लाजता काय — छान आलाय. हातात मोजे, तोंडावर केवढी काळजी, आणि मोज्यांत धरलाय भोपळा. पिवळा रंग मीच मारला होता. तुमच्या त्या समुद्रात सोडायच्या गोळ्यासारखाच, डोक्यावर मिशीसारखी तार खोचली, आकडे मला येतात तेवढे काढले — आठचा आकडा आडवा पडला, पडू दे — आणि दिला सोडून बंदराच्या तोंडाशी. मग तुम्हाला फोन. साहेब, तुमचं यंत्र इथं येऊन पडलंय हो, बिचारं थरथरतंय! तुम्ही आलात की सगळी फौज घेऊन. बाजार लोटला होता. तुम्ही तो असा अलगद, बाळंतिणीकडून मूल घ्यावं तसा उचललात आणि खालून बी गळलं. अहो, मासेवाल्या बायका पोट धरून बसल्या! माझं सगळं आयुष्य असंच गेलं, कुणाच्या खुर्चीला डिंक लाव, कुणाच्या चपला छपरावर टाक. म्हातारा झालो म्हणून काय झालं? पण ते राहू द्या. गालफड फुगवा जरा. हां.

तर त्या गोळ्याबद्दल तुम्ही आम्हाला शाळेत बोलावून शिकवलंत, ते मला पक्कं आठवतंय, मी पहिल्या बाकावर होतो. अक्षरांशी माझं फारसं जमलं नाही कधी, पण तुम्ही टब आणला होतात ना, आणि पंखा, ते डोळ्यांनी बघितलं. समुद्राच्या पोटात नद्या असतात म्हणालात. गरम पाणी इकडून जातं, गार पाणी खाली बसतं, सगळ्या जगाचा पाऊस आणि ऊन त्या नद्यांच्या हातात. आणि आता पाणी तापतंय, म्हणून नद्या वाटा बदलतायत. त्यांच्यावर नजर ठेवली तरच पुढचं सांगता येईल. खोटं कशाला बोलू, पटलं आम्हाला. वडिलांच्या वेळी ठरलेल्या दिवसांत पाणी खाली ओढायचं, ठरलेल्या दिवसांत वर. आता कसलं ठरलेलं? जुने नावाडी काठावर बसून थुंकतात आणि म्हणतात, विचारा त्या ऑफिसला. मग तुम्ही टबात दोन गोळे सोडलेत. एकाला खाली लांब कापडी शेपूट, गोल भोकाभोकांचं, एक बोडका. पंखा लावलात. बोडका पळाला वाऱ्यानं, शेपटीवाला पाण्याबरोबर राहिला. शेपूट खोल असतं, ते पाण्याला धरून चालतं, म्हणून त्याच्यावरून कळतं पाणी कुठं चाललंय — बरोबर ना? आणि मी मागं वळून ओरडलो, ‘म्हणजे माणसाचं शेपूट गळलं, तिथंच सगळा घोटाळा झाला!’ हसला सगळा वर्ग. तुम्ही नाही हसलात.

आज तुम्ही विचारत आलात, गोळा सापडलाय, शेपूट सुरीनं कापलंय, कुणी कापलं? आमचे भाऊजी त्याच भागात मासे धरायचे, तर त्यांच्या बायकोला काही ठाऊक असेल का? असं हळू आवाजात विचारलंत, मोठे सभ्य तुम्ही. शेपूट शोधताय. शोधा ना. हात कुठायत तुमचे? कापडाखाली? चाचपा मग. अंगावरचं हे कापड चाचपा. जाड आहे ना? पाणी धरत नाही, केस चिकटत नाहीत, फाटायचं नाव नाही. आणि गोल-गोल मोठी भोकं आहेत बघा त्याला, एक इथं, एक गुडघ्यावर. तुमचं मुंडकं ज्याच्यातून बाहेर आलंय ना, तेही त्यातलंच एक.

हलू नका म्हणतो ना! गळ्यापाशी आहे मी.

भाऊजींच्या जाळ्यात गुंतला होता तुमचा गोळा. दुसरा कुणी असता तर गोळा विकून मोकळा झाला असता. आमचे भाऊजी सरळ माणूस, इतका सरळ की त्याची मस्करी करायलाही मजा येत नसे. म्हणाले, यंत्र सरकारचं आहे, सरकारला परत गेलं पाहिजे. शेपटाला जाळं लागलंय, ते कापायलाच हवं. कापड चांगलं आहे, ते वाया कशाला? कापलं, गोळा हातानं पुसला आणि परत पाण्यात ठेवला. पुसला हो! शाळेत आले असते त्या दिवशी तर कळलं असतं. पण तेव्हा ते समुद्रावर, तुमचा तमाशा बघायला आम्ही रिकामटेकडे. कापड आणून ताईला दिलं. ताईनं भोकाचा काठ दुमडून दुहेरी शिलाई मारली, मानेला टोचू नये म्हणून आत मऊ पट्टी लावली, आणि मला म्हणाली, घे, आता तरी माणसासारखं दुकान चालव. आणि मी मिरवलं! काय मिरवलं ते. एकदाही डोक्यात आलं नाही की हे टबातलं शेपूट. कसं येणार? गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड म्हणजे कापड.

मग त्यांचं इंजिन बंद पडलं. सकाळी ताईला फोन आला, इंजिन बसलंय, कुणाला तरी दोर घेऊन पाठव. आणि फोन मेला. धावपळ झाली, बोटी निघाल्या. धक्क्यावरच्या भोंग्यावर तुमचंच ऑफिस बोलत होतं, त्या भागातला गोळा उत्तरेला चाललाय, म्हणजे पाण्याची ओढ उत्तरेला, सगळ्यांनी उत्तरेला शोधा. मी तेव्हा गिऱ्हाइकाच्या मानेमागं गाठ मारत होतो, याच कापडाची. ओढ म्हटल्यावर टब आठवला. टबावरून शेपूट आठवलं. आणि हातात बघितलं. अहो, तेच कापड, तीच भोकं! वारा त्या दिवशी उत्तरेकडेच होता. बोडका गोळा वाऱ्याबरोबर पळत होता आणि तुम्ही सगळ्या बोटी त्याच्या मागं लावल्या होत्यात. भाऊजी तर जाळं खाली सोडून बसलेले असणार, इंजिन बंद पडलं की तेच करतात सगळे, नाव वाऱ्यानं भरकटू नये म्हणून. म्हणजे त्यांनाच शेपूट होतं. ते पाण्याबरोबर चालले होते, कुठं ते नंतर कळलं, दक्षिणेला, आणि सगळं जग उत्तरेला!

पळालो. गिऱ्हाईक अर्ध्यात टाकून, हे कापड छातीशी धरून, या वयात, तुमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. बोलायला श्वास नव्हता. तुमच्या टेबलावर कापड टाकलं, केस सांडले तुमच्या कागदांवर, आणि म्हणालो, साहेब, गोळा बोडका आहे, शेपूट माझ्याकडे आहे, बोटी वळवा. आठवतंय का तुम्ही काय म्हणालात? सांगा. सांगा ना! बरं, तोंडात फेस जाईल, मीच सांगतो. तुम्ही खुर्चीत मागं रेललात आणि म्हणालात, ‘आज काय आणलंय? दुधी की काकडी?’

दुधी की काकडी! सगळं ऑफिस खिदळलं. कापड बोटांच्या चिमटीत धरून माझ्या अंगावर फेकलंत, एकदा उलगडून बघितलं नाहीत, तुमच्याच कपाटातून गेलेलं कापड! शिपायानं दंडाला धरून जिना उतरवला मला. मी ओरडत होतो आणि तो हसत होता, म्हणत होता, आजोबा, आज फार छान जमलंय. अहो मी भोपळा सोडला पाण्यात, म्हणून तुम्ही माणूस सोडायचा? माझी गंमत होती ती, तुमचं काम होतं ते! खोटं बोलणाऱ्यालाही एकदा विचारतात, वाकून बघतात. तुम्हाला वाकायला काय जड झालं होतं? फोटोत तर भोपळ्यासाठी केवढे वाकलात!

कुठं मिळाले ठाऊक आहेच तुम्हाला. पार दक्षिणेला, परक्या गावाच्या बोटीला. नाव धड होती. जाळं खाली लटकत होतं. पाण्याचा कॅन कोरडा, टोपी तोंडावर, आणि माणूस असा पडलेला की त्या लोकांनी आधी हाक मारली.

दाखवा वरचा ओठ. ताठ करा. मिशी किती वर्षांची? बरं. — झालं. काय झालं? अर्धी काढली. बोंबलू नका, बघा आरशात, डावीकडे मिशी, उजवीकडे मैदान. आता या तोंडानं जा वर! जाता? विधवा बाईसमोर उभे राहता असे? म्हातारा चळलाय म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण वर जायचं नाही. तिला ठाऊक नाही. ती समुद्राला शिव्या देते, देऊ दे. तुमच्या ऑफिसला देते, ते तर द्याव्याच. मला रोज विचारते, कापड अजून चांगलं आहे का रे? म्हणून रोज वापरतो, वापरलं नाही तर कारण विचारेल. आपल्या हातानं काय शिवलं ते तिला कळता कामा नये. तुम्हाला तुमच्या चौकशीत लिहायचंय ना, चूक मेलेल्याचीच होती? लिहा! कापणारा तो होता, लिहा! दुमडून शिवणारी त्याची बायको होती, मानेला टोचू नये म्हणून नवऱ्याच्या मरणाला मऊ पट्टी लावणारी माझी बहीण होती, हेही लिहा, आणि खाली सही करा दुधी की काकडी —

थांबा.

हलू नका. ऐका जरा.

मशीन कधी थांबलं? साहेब, मी बोलत होतो, तुमचे कान तर मोकळे होते... कधी थांबलं?

ताई. अगं, जिन्यात काय करतेस अशी? काही नाही गं. गंमत चालली होती. साहेबांची गंमत, मिशी बघ ना त्यांची, अर्धी — हस की. ताई, आयुष्यभर बघतेस मला, मी कधी खरं बोलतो का? भोपळ्यासारखंच हे पण. सगळं बनवून सांगितलं. शपथ. ताई —

मी सोडतो गाठ, तू नको. बरं. बरं, घे. हळू, त्यांच्या मानेला... 

उठा साहेब. फेस पुसा बाहीला. नाही, तिला काही विचारू नका आता, दिसतंय ना ती दातानं टाके उसवतेय ते? तिनं उभ्या जन्मात शिवलेलं कधी उसवलं नव्हतं. बघत उभे राहू नका. जा. अर्धी मिशी घेऊन जा, पण जा.