रात्रभरच का?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप, बापाच्या गालावर सूज.

"बाबा, बोलू नका, दुखेल. पण एक सांगा."

"न बोलता सांगू कसं?"

"पावडरीतली छिद्रं मोजायच्या आधी ती रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायची, हे ठरवलं कुणी?"

"सगळेच तसं करतात."

"तेच तर! माझा रिसर्च पेपर तपासणारा विचारतोय, रात्रभरच का? दोन तासांत नाही का सुकत? आज उत्तर दिलं नाही, तर पेपर गेला."

"मग संदर्भ दे की एखादा."

"दिला होता. तो पेपर दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. स्वतः करून कुणीच बघितलेलं नाही. खणत खणत शेवटी कुणापाशी पोचले, माहितीये?"

"कुणापाशी?"

"तुमच्यापाशी."

"अरे वा! म्हणजे अजून नाव निघतं माझं!"

"हुरळून जाऊ नका. कारण सांगा."

"कारण कसलं? सकाळी लॅबमध्ये आलो, पावडर मस्त सुकली होती. जे झालं ते लिहिलं."

"पण संध्याकाळीच का नाही काढलीत?"

"काढणारच होतो गं. तेवढ्यात आजीचा फोन आला, तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय म्हणून. ओव्हन तसाच चालू ठेवून पळालो."

"अगंबाई! काय झालं होतं आईला?"

"मुलगी."